गेंडा भट्टीत शिरतो तेव्हा

जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात झ्विंगर नावाचा राजवाडा आहे आणि त्यात पोर्सेलिनचं एक विलक्षण संग्रहालय. तिथे एक पांढराशुभ्र गेंडा उभा आहे. लांबी मीटरभराच्या आसपास, अंगावर चिलखताचे पत्रे ठोकल्यागत कातडी, पायांवर खवले, आणि नाकावरच्या शिंगाखेरीज मानेच्या मागे आणखी एक छोटं शिंग. असा गेंडा पृथ्वीवर कधीच वावरला नाही. पण मला त्या जादा शिंगापेक्षा मोठं नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ज्या चिनी मातीची आपण चहाची कपबशी करतो, जी पातळ असते म्हणूनच शोभते आणि टिकते, त्या मातीतून १७३० साली कुणीतरी एवढं जनावर घडवलं आणि भट्टीत घातलं. आणि ते भट्टीतून उभंच्या उभं बाहेर आलं.

या गेंड्याची गोष्ट गोव्याशी जोडलेली आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याच्याकडे पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्कनं १५१४ मध्ये दीवला किल्ला बांधायची परवानगी मागितली. परवानगी मिळाली नाही, भेटीदाखल एक जिवंत गेंडा मात्र मिळाला. गोव्यात त्याचं करायचं काय, म्हणून अल्बुकर्कनं तो जहाजावर चढवून थेट आपल्या राजाकडे रवाना केला. २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपनं गेंडा पाहिलाच नव्हता. त्याचं एक वर्णन आणि एक ओबडधोबड चित्र न्यूरेम्बर्गला आल्ब्रेख्त ड्यूररच्या हाती पडलं. ड्यूररनं प्रत्यक्ष जनावर न बघता त्यावरून लाकडी ठशाचं चित्र केलं, तेच हे चिलखतवालं, दोन शिंगांचं. गेंडा बिचारा पुढच्याच वर्षी पोपला भेट म्हणून पाठवला जात असताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून बुडाला. चित्र मात्र दोनशे वर्षं युरोपभर खरं मानलं गेलं. माइसेनच्या पोर्सेलिन कारखान्यातला शिल्पकार योहान गोटलीब किर्शनर यानं १७३० मध्ये गेंडा घडवायला घेतला तेव्हा त्याच्यापुढे होतं तेही हेच चित्र.

त्याला हे काम सांगणारा होता सॅक्सनीचा इलेक्टर आणि पोलंडचा राजा ऑगस्टस. पोर्सेलिनच्या ध्यासाला तो स्वतःच आजार म्हणत असे. १७१७ मध्ये त्यानं प्रशियाच्या राजाला ६०० घोडेस्वार दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. त्यातल्या मोठ्या फुलदाण्या आजही सैनिकांच्या नावानं ओळखल्या जातात. त्याच्याच कैदेत बसून योहान फ्रीडरिख बोटगरनं युरोपातलं पहिलं खरं, कठीण पोर्सेलिन करून दाखवलं होतं आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना उभा राहिला होता. वीस वर्षांत तिथे कपबशा, किटल्या, बाहुल्या उत्तम होऊ लागल्या. मग राजाच्या मनात आलं की ड्रेस्डेनच्या आपल्या जपानी महालात पोर्सेलिनचं प्राणिसंग्रहालय असावं. सिंह, हत्ती, अस्वलं, मोर, गिधाडं, बोकड, आणि जमेल तितके खऱ्या आकाराचे. शेकडो नगांची मागणी गेली. असं काम तोवर चीननंही केलेलं नव्हतं. मोठ्या भाजक्या मूर्ती तिथे पूर्वापार होत, पण त्या वेगळ्या, भरड मातीच्या.

आता साच्याकडे वळू. साचा म्हटलं की एकासारख्या एक शंभर वस्तू काढायचं साधन, अशी आपली समजूत असते. ती खोटी नाही. पण भाजायच्या मोठ्या शिल्पात साच्याचं पहिलं काम नक्कल काढणं हे नाहीच. तो मूर्ती पोकळ करतो, आणि तिची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची ठेवतो. ही दोन कामं झाली नाहीत तर पुढचं काहीच होत नाही.

पेणच्या गणपती कारखान्यात साच्यातून मूर्ती निघताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना निम्मी गोष्ट आधीच ठाऊक आहे. साच्यात माती दाबायची, अर्धे भाग जोडायचे, सांधा पुसून एकजीव करायचा, हात आणि सोंड वेगळी लावायची. फरक इतकाच की बाप्पाची शाडू वाळली की मातीचं काम संपतं, आणि माइसेनला त्याच क्षणी खरी कसोटी सुरू होई.

आधी शिल्पकार साध्या मातीत भरीव नमुना करतो. तो भाजायचा नसतो, त्यामुळे आत लाकूड-लोखंडाचा सांगाडा असला तरी चालतो. मग त्यावर प्लास्टर ओतून साचा घ्यायचा. पण गेंड्याच्या पोटाखाली, कानामागे, कातडीच्या घड्यांत खाचा असतात. एकसंध साचा त्यांत अडकून बसेल, निघणारच नाही. म्हणून साचा तुकड्यातुकड्यांचा करावा लागतो, आणि प्रत्येक तुकडा अशा कोनात की कुठलीही खाच न दुखावता तो सरळ मागे ओढता यावा. नमुन्यावर या तुकड्यांच्या हद्दी आखणं हे शिल्पकाराइतकंच बुद्धीचं काम आहे. चांगला साचेकार मूर्तीकडे बघतो तो ती सुटी कशी होईल या नजरेनं. पाय वेगळे, डोकं वेगळं, धडाच्या दोन बाजू वेगळ्या, शेपूट वेगळी.

प्लास्टरचा स्वभाव इथे कामाला येतो. वाळलेल्या प्लास्टरमध्ये डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात आणि ती पाणी ओढून घेतात. साच्यात दाबलेली ओली माती भिंतीलगत आधी घट्ट होते, घट्ट होता होता किंचित आक्रसते आणि आपणहून साच्यापासून सुटते. कुणी ओढत नाही, खरवडत नाही. मातीच आपली जागा सोडते. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. मूर्तीची सारी बारीक नक्षी अंगावर घेऊन माती अलगद बाहेर येते, आणि तिला बाहेर काढतो तो हात नव्हे, आकुंचन. हेच आकुंचन पुढे भट्टीत तिच्या जिवावर उठणार असतं.

सुटे भाग पातळ कालवलेल्या मातीनं जोडतात. मोठ्या धडाला आतून मातीचेच आडवे पडदे घालतात, म्हणजे भिंती आत बसत नाहीत. लोखंडाची सळई आत ठेवून चालत नाही, कारण माती आक्रसते आणि लोखंड आक्रसत नाही. तापलं की उलट फुगतं. खाली कुठेतरी भोक ठेवावं लागतं. आत कोंडलेल्या हवेनं मूर्ती फुटते असं पुष्कळजण सांगतात. कच्ची माती इतकी सच्छिद्र असते की हवा बहुधा वाट काढते. फोडतं ते भिंतीत दडलेलं पाणी. शंभर अंशांवर त्याची वाफ झाली आणि जाड भिंतीतून तिला पुरेशा वेगानं बाहेर पडता आलं नाही, की तुकडे उडतात. म्हणून भिंत पातळ हवी आणि वाळवण अतिशय सावकाश हवं. कान आणि शेपूट लवकर वाळतात, पोट उशिरा. लवकर वाळणारा भाग आधी आखडतो आणि शेजारच्या ओल्या भागाला ओढतो. अशी ओढाताण होऊ नये म्हणून मोठे नग आठवडेच्या आठवडे झाकून, उघडून, पुन्हा झाकून वाळवावे लागतात.

मग भट्टी.

भाजताना मातीच्या आत जे घडतं ते मला कुठल्याही भूकंपापेक्षा कमी थरारक वाटत नाही. साडेचारशे अंशांच्या पुढे चिनी मातीच्या कणांमध्ये रसायनानं बांधलेलं पाणी सुटू लागतं. वाळवणानं गेलेलं पाणी वेगळं, हे वेगळं. हे गेल्यावर ती माती पुन्हा कधीच कालवता येत नाही. मग ५७३ अंशांवर मातीत मिसळलेल्या गारगोटीच्या कणांची अंतर्गत रचना एकाएकी पालटते आणि ते फुगतात. निवताना त्याच अंशावर पुन्हा आखडतात. छोट्या वाटीत हे सगळीकडे जवळजवळ एकाच वेळी होतं. मीटरभर लांबीच्या जनावरात मात्र डोकं ५७३ ओलांडून गेलेलं असतं आणि मागचे पाय अजून तिथवर पोचलेले नसतात. एकाच अंगाचा एक भाग फुगलेला आणि दुसरा नाही. बाराशेच्या पुढे फेल्डस्पार वितळू लागतो, त्याचा काचेसारखा रस कणांमधल्या फटी भरतो आणि सगळं अंग आवळलं जातं. माइसेनचं पोर्सेलिन पक्कं व्हायला चौदाशे अंशांच्या आसपास जावं लागतं आणि तिथे पोर्सेलिन घट्ट राहिलेलं नसतं. ते मऊ पडतं. स्वतःच्या वजनानं पोट खाली येऊ शकतं, पाय वाकू शकतात, मान एका बाजूला कलू शकते.

आक्रसण्याचा हिशोब तर करूनच पाहावा. पोर्सेलिन ओल्या अवस्थेपासून पक्कं होईपर्यंत लांबीत साधारण एक षष्ठांश कमी होतं. म्हणजे एक मीटरचा गेंडा हवा असेल तर साच्यातून १२० सेंटिमीटरचा काढायला हवा. उंची आणि रुंदीही त्याच प्रमाणात घटते, त्यामुळे एकूण घनफळ जवळजवळ ४२ टक्क्यांनी उतरतं. याचा अर्थ भट्टीत असताना गेंड्याचे पुढचे पाय मागच्या पायांकडे चालत येतात. तापून मऊ झालेलं, जड जनावर, आणि त्याचे चारही पाय एकमेकांकडे घसरायला हवेत. एखादा पाय बैठकीला चिकटून अडला तर अंग फाटतं. आजचे कुंभार यावर उपाय म्हणून मोठ्या नगाखाली त्याच मातीची कच्ची लादी घालतात. लादी मूर्तीबरोबरच आक्रसते, तिचे पाय वाहून आणते, आणि काम झाल्यावर टाकून दिली जाते.

आणि हे सगळं लाकडावर पेटलेल्या भट्टीत. एका कोपऱ्यात आग जास्त, दुसऱ्यात कमी. आतली उष्णता मोजायचं साधन नव्हतं. भोकातून दिसणारा उजेडाचा रंग आणि मधूनच बाहेर ओढून पाहिलेले नमुन्याचे तुकडे, एवढ्यावर भट्टीवाला निर्णय घेई. भट्टीची उष्णता मोजण्याचं पहिलं खरं उपयोगी साधन इंग्लंडच्या जोसाया वेजवुडनं पुढे १७८२ मध्ये काढलं. त्यात त्यानं वापरलं काय? मातीचे छोटे तुकडे. ते किती आक्रसले हे पट्टीवर बघायचं आणि त्यावरून आग किती होती हे ठरवायचं. ज्या गुणानं माइसेनच्या प्राण्यांना फाडलं तोच गुण पन्नास वर्षांनी कुंभारांची मोजपट्टी झाला.

माइसेनच्या त्या प्राण्यांच्या अंगावर भट्टीतल्या चिरा आजही आहेत. काही इतक्या रुंद की काचेपलीकडून सहज दिसतात. कारखान्यानं मोठ्या आकृत्यांसाठी मातीचं मिश्रणही बदलून पाहिलं, तरी चिरा टळल्या नाहीत. रंगाचं तर आणखी अवघड. पोर्सेलिनवरचा पक्का रंग बसवायला नग पुन्हा एकदा भट्टीत घालावा लागतो. आगीतून वाचलेल्या जनावराला पुन्हा आगीत ढकलायची हिंमत कुणाला होणार? म्हणून कित्येक प्राणी न भाजता साध्या तेलरंगांनी रंगवले गेले. तो रंग काळाच्या ओघात गळाला किंवा पुसला गेला. आज आपण जे शुभ्र कळप पाहतो आणि ज्यांच्या पांढरेपणावर मोहून जातो, त्यांतले बरेचसे मुळात रंगीत होते.

या चिरांना दोष म्हणायला माझं मन तयार होत नाही. पोर्सेलिन कुठवर ताणलं जाऊ शकतं हे त्याआधी कुणालाच माहीत नव्हतं, आणि ती हद्द नेमकी कुठे आहे हे या चिरांनीच दाखवून दिलं. खांद्यापासून पोटाकडे गेलेली चीर बघून जाणता माणूस सांगू शकतो की भिंत इथे जाड होती, तिथे सांधा होता, आग या बाजूनं आली. आणि इथेच साच्याचं दुसरं मोल कळतं. एक प्राणी भट्टीत गेला तरी त्याचा आकार जात नाही. साचा फडताळावर असतो. राजानं एकेका प्राण्याचे अनेक नग मागवले होते; त्यांतले काही फुटणार हे धरूनच काम चाले. आगीपुढे आकार जपून ठेवायची ती एकच जागा. माइसेनच्या कारखान्यात प्लास्टरच्या साच्यांचं अफाट भांडार आजही राखलेलं आहे, आणि अठराव्या शतकातल्या घडणी त्यांच्या आधारे अजून निघतात.

किर्शनर १७३३ मध्ये कारखाना सोडून गेला. त्याच्याबरोबर काम करायला १७३१ मध्ये आलेला योहान योआखिम केंडलर मात्र १७७५ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. केंडलरनं राजाच्या पशुशाळेत जाऊन प्राणी पाहिले, त्यांची हालचाल टिपली, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे भट्टीचं म्हणणं ऐकलं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याची १७३२ ची शेळी आहे, पिलाला दूध पाजत बसलेली. बसलेली! म्हणजे चार बारीक पायांवर पोट तोलायचा प्रश्नच मिटला, आणि आईपणाचा भावही त्याच बैठकीतून आला. उभ्या प्राण्यांच्या पोटाखाली तो खडक किंवा झाडाचा बुंधा आणतो. बघणाऱ्याला वाटतं रान आहे. खरं तर तो मऊ पडणाऱ्या पोटाला दिलेला टेकू आहे. तंत्राच्या अडचणीतून रचना सुचणं म्हणजे काय, हे केंडलरकडे बघून कळतं. पुढे यानंच सेंट फ्रान्सिस झेवियरच्या अंतकाळाचा प्रसंग पोर्सेलिनमध्ये घडवला, म्हणजे ज्यांचं शव जुन्या गोव्यात बाँ जेझुसच्या बॅसिलिकात आहे त्या संताचा.

गेंडाही त्याच्या वाट्याला पुन्हा आला. १७४७ मध्ये क्लारा नावाची खरी गेंडीण ड्रेस्डेनला आली. तिला भारतातून एका डच कप्तानानं नेलं होतं आणि तो तिला गावोगाव दाखवत फिरत होता. केंडलरनं तिला प्रत्यक्ष पाहून नमुना केला. ड्यूररच्या चित्राची दोनशे तीस वर्षांची सत्ता अशा भेटींनी संपत गेली. मानेमागचं शिंग गेलं.

मोठ्या भाजक्या शिल्पाचं कोडं पूर्णपणे सोडवलं ते मात्र लंडनच्या एका बाईंनी, आणि पोर्सेलिन बाजूला ठेवून. एलेनॉर कोड यांनी १७६९ मध्ये टेम्सच्या काठी लॅम्बेथला कृत्रिम दगडाचा कारखाना चालवायला घेतला. त्यांच्या मिश्रणात माती होतीच, पण तिच्यात दळलेली गारगोटी, वाळू, काचेची पूड आणि आधीच एकदा भाजून कुटलेल्या मातीची भुकटी घातलेली असे. सारी किमया या भुकटीची. जी माती एकदा आक्रसून चुकली ती पुन्हा आक्रसत नाही. तिचे कण कच्च्या मातीला आतून धरून ठेवतात, पाणी बाहेर पडायला वाटा देतात, आणि एखादी चीर धावू लागलीच तर तिला अडवतात. कोड यांच्या दगडाचं आकुंचन सुमारे ८ टक्क्यांवर आलं, पोर्सेलिनच्या निम्म्यावर. भट्टी चार दिवस चाले. जॉन बेकनसारखा नावाजलेला शिल्पकार नमुने करी, साचे जपून ठेवले जात, आणि १७८४ च्या सूचीत सातशेहून अधिक घडणी विकायला होत्या. त्याच साच्यांतून देवता, कलश, नदीदेव पुन्हा पुन्हा निघत राहिले. वेस्टमिन्स्टर पुलाच्या टोकाला उभा असलेला भलामोठा सिंह याच मिश्रणाचा आहे. तो कोड बाईंच्या मृत्यूनंतर, १८३७ मध्ये, तुकड्यातुकड्यांनी भाजून लोखंडी सांगाड्यावर जोडला गेला. वजन सुमारे १३ टन. लोखंड इथे चाललं, कारण ते भाजून झाल्यानंतर आत गेलं. लंडनचा धूर आणि पाऊस इतकी वर्षं खाऊनही त्याच्या आयाळीची वळणं शाबूत आहेत.

तुकड्यातुकड्यांनी भाजून जोडायच्या याच वाटेच्या तोंडाशी केंडलर आधी एकदा येऊन पोचला होता. ऑगस्टसच्या मुलाचा, तिसऱ्या ऑगस्टसचा, घोड्यावर बसलेला प्रचंड पुतळा त्याला पोर्सेलिनमध्ये करायचा होता. अर्थात सुट्या भागांतून. एवढं अंग कुठल्याही भट्टीत मावलं नसतं. साधारण १२० सेंटिमीटर उंचीचा छोटा नमुना त्यानं पोर्सेलिनमध्ये पूर्ण केला, तो आजही आहे. प्लास्टरचा मोठा नमुनाही उभा राहिला. पण १७५६ मध्ये सात वर्षांचं युद्ध पेटलं, प्रशियाच्या फौजा सॅक्सनीत घुसल्या, पैसा आटला, आणि पुतळा कायमचा राहून गेला. तो झाला असता का, हा प्रश्न मला सोडत नाही. माझा कौल होय असा आहे. केंडलरला तोवर पंचवीस वर्षांचा भट्टीचा अनुभव होता आणि एकसंध मोठं अंग करण्याचा हट्ट त्यानं सोडून दिला होता. सांधे कुठे घ्यायचे, ते घोड्याच्या खोगिरात, राजाच्या झग्याच्या घड्यांत कसे लपवायचे, हे त्याला चांगलंच कळत होतं.

माइसेननं २०१४ मध्ये 'सॅक्सोनिया' नावाची सुमारे १.८ मीटर उंचीची स्त्रीमूर्ती पोर्सेलिनमध्ये केली, अंगावर हातानं घडवलेली हजारो फुलं लेवून. आता भट्ट्या गॅसवर आणि विजेवर चालतात, तापमान अंशाअंशानं चढवता येतं. ५७३ पाशी आगीचा वेग कमी करता येतो, निवतानाही तिथे थांबता येतं. किर्शनरला यातलं काहीच मिळालं नव्हतं. पण साच्यातून निघालेली मूर्ती हव्या त्या मापापेक्षा एक पंचमांशानं मोठी असावी लागते, आणि भट्टीचं दार बंद झालं की तिचे पाय एकमेकांकडे चालू लागतात, हे आजही तसंच आहे.